कुठे उतरायचं?

नाना आयुष्यभर बसमध्ये उभं राहून जेवढं बोलले, त्याच्या चार आणे जरी घरात बसून बोलले असते तरी माईच्या कानांचं पारणं फिटलं असतं. पण तसं काही झालं नाही.

नानांची नोकरी कंडक्टरची. डेपोत त्यांना भोंगा म्हणत. बस अजून वळणावर असायची आणि इकडे थांब्यावरच्या माणसांना कळायचं, आज भोंगा ड्युटीवर आहे. "पुढे सरका, पुढे चला, दारात काय सासर आहे का तुमचं?" "आजी, पिशवी मांडीवर घ्या. तिचं तिकीट काढलेलं नाही तुम्ही." "अहो उंच साहेब, मान वाकवा जरा, छताला पोचा पडेल." माणसं हसायची आणि हसता हसता खरोखरच पुढे सरकायची. दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्याला नाना हमखास विचारायचे, "काय म्हणाला डॉक्टर?" तो म्हातारा मुलाला सांगितलं नसेल ते नानांना सांगायचा आणि पुढच्या थांब्यावर हलक्या मनाने उतरून जायचा. परीक्षेला निघालेल्या पोरीला ते खिडकी मिळवून द्यायचे, "हिला वारा लागू द्या रे, डोक्यात बरंच काही भरलंय," म्हणून.

आणि घरी आले, की चपला काढाव्यात तशी जीभ दाराशी काढून ठेवायचे. हातपाय धुवायचे, देवासमोर उभे राहून डोळे मिटायचे, जेवायचे, खिडकीशी बसायचे. माई बोलायची ते ऐकायचे. भाजीत मीठ कमी असलं तर उठून स्वतःच घेऊन यायचे, पण "मीठ कमी आहे" हे तीन शब्दही त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. लग्नानंतर पहिली काही वर्षं माईला वाटायचं, आपलं काही चुकतंय. मग एकदा ती त्यांच्या बसमध्ये बसली. मागच्या सीटवर, मुद्दाम न सांगता. नवऱ्याची बडबड ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर तिने नाद सोडला. म्हणायची, "देवापाशीसुद्धा मुकेच उभे राहतात. देवाला कळतं, मलाही कळायला लागलंय हळूहळू."

त्यांच्या बसचा ड्रायव्हर तर बसमधल्या नानांच्या उलट. घुमा म्हणजे अगदी घुमा. दोघांनी वर्षानुवर्षं एकच बस चालवली, पण मध्ये जाळी आणि ड्रायव्हरची पाठ नानांकडे. बोलणं सगळं घंटीच्या दोरीवरून. एक घंटा म्हणजे थांब. दोन घंटा म्हणजे चल. पण त्या दोन घंटांतही प्रकार होते. म्हातारं माणूस चढलं की नाना सावकाश दोन वाजवायचे, ड्रायव्हर गाडी लोण्यातून सुरी काढावी तशी काढायचा. नानांच्या निरोपाच्या दिवशी ड्रायव्हरला बोलायला उभं केलं. तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि खाली बसला. हॉलमध्ये हशा पिकला. नाना मात्र रुमाल शोधत होते.

नानांना दोन मुलं. मोठी ताई आणि धाकटा मुलगा. मुलगा आईवर गेलेला, नोकरीसाठी दूर, पण फोनवर घर डोक्यावर घेणारा. ताई लहानपणापासून अबोल. सुट्टीत नाना तिला कधीकधी बसमध्ये न्यायचे. ती ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसायची. नाना तिला उचलून दोरीपर्यंत न्यायचे आणि म्हणायचे, "वाजव." बाप-लेकीचं जे काही बोलणं झालं असेल ते तेवढंच. तरी ती संध्याकाळी घरी येऊन माईला सांगायची, "आज नाना आणि मी खूप बोललो."

पुढे ताई शिकली आणि एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या खोलीत कामाला लागली. लग्न झालं तेही चांगल्या माणसाशी. जावई लाघवी, हसरा. दोष एकच म्हणायचा तर त्याला माणसांचं व्यसन. रोज संध्याकाळी घरात मित्र, मित्रांच्या बायका, गप्पा, गाणी, पत्ते. घर कसलं, धर्मशाळाच. ताई सगळ्यांचं हसतमुखाने करायची, पण बसायची कडेला. नवरा म्हणायचा, "तू माणसांत असून नसतेस. त्यांना वाटतं तुला ते आवडत नाहीत." तिला ते आवडायचे. पण आवडतात हे कसं सांगायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. एकदा भर मैफलीत तो गमतीने म्हणाला, "आमची बायको सायलेंट मोडवर असते." सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने दोन बॅगा भरल्या, नवऱ्याला म्हणाली, "थोडे दिवस जाऊन येते," आणि माहेरी आली.

ती आली तेव्हा माई बाजारात गेली होती. घरात नाना एकटे. दार वाजलं म्हणून त्यांनी उघडलं तर समोर लेक. एका हातात बॅग, दुसरी खांद्यावर, केस वाऱ्याने विस्कटलेले, आणि डोळे असे, की नाना बाप म्हणून एका नजरेत सगळं समजले. तिला जवळ घ्यावं, ये बाळ म्हणावं, असं आतून उसळून आलं. पण ते वर येईपर्यंत वाटेत कुठेतरी अडकलं. आणि दारात सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जे विचारायची त्यांच्या जिभेला उभा जन्म सवय, तेच बाहेर पडलं.

"कुठे उतरायचं?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. नानांच्या लक्षात आलं, पण तोवर शब्द तिच्यापर्यंत जाऊन पोचला होता.

"रविवारी," ती म्हणाली. "रविवारी उतरेन, नाना. काळजी करू नका."

आणि बॅगा घेऊन ती आतल्या खोलीत गेली. नाना दाराची कडी हातात धरून उभे.

माई परत आली तेव्हा ते तसेच खिडकीशी बसले होते. झालेला प्रकार त्यांनी सांगितला, म्हणजे माईने एकेक शब्द चिमट्याने ओढून काढला.

"काय म्हणालात?"

"तेच. बसमधलं."

"लेक सामान घेऊन दारात आली आणि तुम्ही तिला तिकीट विचारलंत?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग जा आणि ते निघून गेलेलं परत बोलावून आणा," माई म्हणाली आणि भाजीची पिशवी तिने जरा जोरातच ओट्यावर ठेवली.

नाना उठले. ताईच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आत ती पलंगावर बसून बॅगेच्या चेनशी चाळा करत होती. नानांनी घसा खाकरला. तिने वर पाहिलं.

"पंखा लावू का?" नाना म्हणाले.

"नको."

"बरं."

एवढं झालं आणि ते परत खिडकीशी येऊन बसले.

पुढचे दिवस असेच. ताई माईशी बोलायची, तेही कामापुरतं. माईने समजावून पाहिलं, "अगं, त्यांच्या मनात तसं नव्हतं." ताई म्हणाली, "माहीत आहे माई. मनात नसतं तेच पटकन निघतं असं नाही, मनात असतं तेही निघतं." तिने कुणा मैत्रिणीला फोन करून नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात खोली रिकामी आहे का ते विचारून ठेवलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी ते वसतिगृह. शनिवारी बघायला जायचं, रविवारी राहायला. हे नानांना कळलं. नवऱ्याच्या घरी जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, देव तिला बुद्धी देईल, ते नानांना मान्य होतं. पण बापाच्या घरात आपण नकोसे आहोत असं समजून तिने जावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. आणि हे तिला सांगायला तोंड लागतं, तेच नेमकं ऐनवेळी संपावर गेलेलं.

मुलाचा फोन आला. "नाना, तुम्ही एवढे बोलके. अख्ख्या गावाला बोलतं केलंत. तिला बोलतं करा ना."

"हं," नाना म्हणाले.

"हं काय? ऐका, एक गंमत पाठवतो. प्रश्न असतात, माणूस अंतर्मुख आहे की बहिर्मुख ते कळतं. ताईने म्हणे दवाखान्यात सोडवली होती, ती अंतर्मुख निघाली. तेव्हापासून ती मनाला लावून घेऊन बसलीय, म्हणते आपल्या घरात मीच एक अशी कुणावर गेले. तुम्ही सोडवा, म्हणजे तुम्ही दोघं कुठे जुळता ते तरी कळेल."

दुपारी जेवणं झाल्यावर माईने फोन हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. नाना खुर्चीत, साक्षीला उभ्या केलेल्या माणसासारखे. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला आवडतं का?"

"हो."

"हे मात्र खरं. गर्दीत गेल्यावर तुम्हाला उत्साह वाटतो का?"

"उभं राहायला जागा असेल तर."

"तसं नाही लिहिता येत. हो किंवा नाही."

"मग हो."

"मनात असलेली गोष्ट तुम्ही जवळच्या माणसांना सहज सांगता का?"

नाना खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल वाऱ्याने हलत होता. तो त्यांनी नीट पाहून घेतला.

"नाही लिहू का?" माईने विचारलं.

"तू सांग."

"मी सांगते. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधी तुम्ही शेजारच्या बाकावरच्या बाईंना सांगितलंत, की मला फार भीती वाटतेय. त्यांनी मला सांगितलं. आपल्या नवऱ्याला भीती वाटतेय हे मला कोण सांगतं, तर कुठलीशी बाई, जिला मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही."

माईने पुढचे प्रश्न भराभर दाबले. उत्तर आलं. तिने ते दोनदा वाचलं. "अर्धे हे आणि अर्धे ते, असं म्हणतोय. मधलेच." तिने फोन बाजूला ठेवला आणि चष्मा काढून पदराने पुसला. "याला काय कळतंय. मी सांगते तुम्ही कोण आहात ते. तुम्हाला माणसं आवडतात, फार आवडतात. पण उतरणारी. पुढच्या थांब्यावर उतरून जाणारी माणसं असली की तुमची जीभ कशी पाण्यासारखी वाहते. बसून राहणारं माणूस समोर आलं की संपलं. मी काय, मी पडले पासवाली. मला तुम्ही कधी काही विचारलंच नाहीत."

हे ती रागाने म्हणाली नाही. उलट शेवटी तिला थोडं हसूच आलं. पण नाना हसले नाहीत. आजपर्यंत त्यांना कुणी बोलका म्हटलं की बरं वाटायचं, आणि घरी कुणी मुका म्हटलं की वाटायचं, दमलेलो असतो म्हणून. निवृत्त झाल्यावर दमणं संपलं, तरी बोलणं आलं नाही. तेव्हा त्यांना वाटलं होतं, वय झालं. आज पहिल्यांदा कुणी नेमकं बोट ठेवलं होतं.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

शनिवारी सकाळी ताई खोली बघायला निघाली. चपला घालत होती, तेवढ्यात नाना इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"मीही येतो."

"कशाला, नाना? मी जाईन बसने."

"बसनेच येतो म्हणतोय मी," नाना म्हणाले. माईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि देवाच्या फोटोकडे बघून नुसते हात जोडले.

बस नानांच्याच जुन्या रस्त्याची होती. कंडक्टर नवी पोरगी, कमरेला मशीन, नानांना ओळखत नव्हती. "कुठे उतरायचं?" तिने विचारलं, आणि बाप-लेक दोघंही एकदम दचकले. ताई खाली मान घालून म्हणाली, "पाण्याची टाकी. दोन द्या."

दोघांच्या सीटवर ती खिडकीशी, नाना कडेला. समोर माणसांच्या पाठी आणि ड्रायव्हरच्या काचेतून दिसणारा रस्ता. घराच्या खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून असतात. इथे दोघांची तोंडं एकाच बाजूला होती.

पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. हातात मातीची कुंडी, कुंडीत गुलाबाचं रोप, आणि बसायला जागा नाही. नाना ताडकन उठले. "बसा आजी. आणि ही कुंडी द्या इकडे. पोराबाळांसारखी पोटाशी धरलीय, माहेरी निघालात की काय?"

"लेकीकडे," म्हातारी हसत म्हणाली. "तिच्या गच्चीत काहीच धरत नाही. म्हटलं माझ्या हातचं न्यावं."

"धरेल धरेल. पाणी कमी घाला म्हणावं. लाडाने बुडतात हो रोपं."

"तेच सांगते तिला."

"लेकी ऐकतात का?"

"आपण सांगतो का नीट?" म्हातारी म्हणाली.

नाना जरा थबकले. पण लगेच गाडी पुढे गेली. दोन थांब्यांत त्यांनी म्हातारीच्या गुडघ्याचं दुखणं, जावयाची बदली आणि गुलाबाचा रंग एवढं सगळं काढून घेतलं. आजूबाजूचे दोघेतिघे गप्पांत ओढले गेले. ताई हे सगळं बघत होती. लहानपणी बघायची तसंच. म्हातारीचा थांबा आला. नानांनी कुंडी तिच्या हातात दिली, हाताला धरून तिला उतरवलं, आणि ताईशेजारी येऊन बसले.

आणि बसल्याबरोबर गप्प झाले.

ताईने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "त्या आजींशी कसं बोलता येतं तुम्हाला?"

नानांनी समोरच्या सीटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ताईने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि तिला ते भिंतीला पाठ लावून मशीनपुढे उभे राहणारे पेशंट आठवले असावेत. कारण ती एकदम तिच्या कामाच्या आवाजात, मऊ आणि सरळ, म्हणाली, "नाना, श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. आता सोडा."

नानांनी श्वास सोडला. त्याच्याबरोबर बोलणंही सुटलं.

"त्या दिवशी दारात मी जे विचारलं, ते तुला विचारलेलं नव्हतं. तुला ये म्हणायचं होतं. ते येईचना. जे येतं ते आलं." ते समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होते. "ही आजी आहे ना, तिच्याशी चुकीचं काही बोललो असतो, तर ते तिच्याबरोबर उतरून गेलं असतं. घरात बोललेलं कुठे उतरत नाही. घरातच राहतं. म्हणून घरात मला फार जपून बोलावंसं वाटतं. जपता जपता वेळ निघून जाते. आणि इतकं जपून शेवटी बोललो काय, तर ते."

ताईचे डोळे भरून आले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हसण्यासारखंही हलत होतं.

"माझं काम काय असतं माहीत आहे तुम्हाला?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "दिवसभर माणसं येतात. कुणाचा हात मोडलेला, कुणाच्या छातीत दुखतंय. घाबरलेली असतात. मी त्यांना काय काय सांगत असते. परवा एका बाबांना मी गोष्ट सांगितली, त्यांनी हलू नये म्हणून. अख्खी गोष्ट. बाहेरची सिस्टर म्हणाली, तुझं तोंड कधी थकत नाही का." ती थांबली. "हे मी घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मलाही आत्ताच सुचलं. मी म्हणायचे, मी कुणावर गेले."

नानांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पूर्ण, तोंडासमोर तोंड. एरवी ते असं बघायचे नाहीत.

"गोष्ट कुठली सांगितलीस?" त्यांनी विचारलं.

"एका कंडक्टरची," ताई म्हणाली.

पाण्याची टाकी आली. एक घंटा वाजली, बस थांबली. ताई उठली नाही. नानाही उठले नाहीत. दोन घंटा झाल्या, बस निघाली. कंडक्टर पोरगी गर्दीतून वाट काढत आली.

"काका, टाकी गेली. तुम्हाला उतरायचं होतं ना?"

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिकीट एका थांब्याचं काढून पुढे जाणाऱ्या लबाडांना त्यांनी उभ्या नोकरीत सोडलं नव्हतं. कुणी झोपल्याचं सोंग घ्यायचं, कुणी खिडकीबाहेर बघायचं, नाना सगळ्यांना नेमकं हेरायचे. आज त्याच माणसाच्या शर्टाच्या खिशात टाकीपर्यंतचं तिकीट होतं आणि टाकी मागे पडली होती.

"आमची चूक झाली, बाई," नाना म्हणाले. "शेवटपर्यंतचं करा."

"शेवटी काय आहे तिकडे? नुसतं मैदान आहे."

"बस वळते तिथे," ताई म्हणाली.

शेवटच्या थांब्यावर सगळी माणसं उतरली. ड्रायव्हर आणि कंडक्टर चहा प्यायला गेले. रिकाम्या बसमध्ये बाप-लेक तशीच बसून राहिली. मैदानात कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. दोघांनी त्या बघितल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि या वेळी न बोलण्याने कुणाच्या घशात काही अडकलं नाही. मग ड्रायव्हर आला, बस वळली, आणि दोघं घरी आली. माईने दारातच विचारलं, "बघितली खोली?"

"नाही," ताई म्हणाली. "बस तिथे थांबली नाही."

"थांबली होती," नाना म्हणाले. खोटं त्यांना चालत नसे, विशेषतः बसच्या बाबतीत. "आम्ही उतरलो नाही."

माईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि पुढे काही न विचारता कणीक भिजवायला घेतली.

रविवार उजाडला. नाना लवकर उठले, आंघोळ केली, देवासमोर उभे राहिले. आज डोळे मिटल्यावर ओठ हलत होते. काय म्हणत होते ते देवालाच ठाऊक. मग ते ताईच्या दाराशी आले. दार लोटलेलं. आतून बॅगेची चेन उघडल्याचा की लावल्याचा आवाज आला, काय ते कळेना. कालचं बोलणं झालं होतं खरं, पण कालचं काल. जाऊ नकोस म्हणावं, तर तिच्यावर ओझं. जा म्हणावं, तर जीभ झडेल. कधी जाणार म्हणून विचारावं, तर तो प्रश्न पुन्हा या घरात विचारायचाच नाही, असं त्यांनी काल बसमध्येच ठरवलेलं. ते दाराबाहेर नुसते उभे राहिले. त्यांची सावली दाराच्या फटीतून आत पडली होती.

आत फोन वाजला. ताईचा आवाज आला, जावयाशीच बोलत असावी. "हो. हो, बरी आहे... नाही, रागावले नाहीये. मी दवाखान्यात कशी बोलते ते तू एकदा येऊन बघ. लपून, मागे उभा राहून. माईने नानांना बघितलं होतं तसं... कधी येऊ? अजून नाही सांगता येत. मला इथे अजून उतरायचं नाहीये."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. सावली तिलाही दिसली असणार. तिने काही हाक मारली नाही. आतून, पलंगाच्या लाकडावर, बोटाने टकटक झाली.

एकदा. नुसती एकदा.

नाना तिथेच दाराबाहेर थांबले, दुसरी टकटक येते का ते ऐकत. आली नाही. तेव्हा ते स्वयंपाकघरात गेले आणि माईला म्हणाले, "तीन कप टाक. आणि भाजीत काल मीठ कमी होतं."

माईच्या हातातली पळी तशीच हवेत राहिली.